नवनाथचं कात्रण आणि माझा अर्धा मिलिमीटर

निवृत्त माणसाला दोनच कामं उरतात म्हणतात, दुसऱ्याच्या घरातलं काढून घेणं आणि ते तिसऱ्याच्या घरी पोचवणं. मी ही दोन्ही नोकरीत असतानाच पूर्ण पगारावर करत होतो, त्यामुळं निवृत्तीनंतर माझं काही अडलं नाही. आधी भोसरी, मग चाकण, अशी एकाच कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. शेवटी प्लॅनिंगचा साहेब झालो. पत्रा कसा कापायचा हे मी सकाळी सांगायचो आणि मी सांगितलेलं कुठं चुकलं हे दुपारी दोनपर्यंत सगळ्यांना कळायचं.

माझ्या हाताखाली आलेल्या मुलांपैकी एकाचं नाव मी हल्ली निगडीच्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही 'आमचा नवनाथ' म्हणून सांगतो. 'आमचा' हे मी नंतर जोडलं. तेव्हा मी त्याला 'ए बीड' म्हणायचो.

नवनाथ बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून आला, आयटीआय फिटर होऊन. येताना एसटीच्या टपावरून स्वतःची सायकल घेऊन आला, कारण भोसरीत सायकली मिळतात की नाही याची त्याला खात्री नव्हती. लांडेवाडीला एका खोलीत सहाजण राहायचे. बोलणं इतकं मोजकं, की वाटावं हा प्रत्येक शब्द स्टोअरमधून चिठ्ठीवर काढून आणतोय. मी मात्र स्टोअरचं दार उघडंच टाकणारा माणूस. आमचं जमलं ते त्यामुळंच. मी बोलायचो आणि तो काम करायचा.

इथं प्रेसशॉपची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ड्रॉइंगमध्ये लिहिलंय तशी डाय, म्हणजे साचा, बसवली तर भाग कधीच बरोबर येत नाही. मग मशीन लावून देणारा सेटर चहाच्या डब्याच्या पत्र्याची एक चिंचोळी पट्टी कापतो आणि डायखाली सरकवतो. याला पॅकिंग मारणं म्हणतात. भाग झकास यायला लागतो. ती पट्टी कुठं घातली, केवढी घातली, हे फक्त सेटरच्या खिशातल्या वहीत असतं, आणि ती वही दुसऱ्या शिफ्टच्या सेटरला मेला तरी दाखवायची नसते. कंपनी जुन्या सेटरला काढत नाही, त्याचं कारण त्या वहीत असतं. नवनाथ या शाळेत शिकला आणि त्या शाळेचा हेडमास्तर, दुर्दैवानं, मी होतो.

तेव्हा एका पत्र्यातून जास्तीत जास्त भाग कसे निघतील हे मी पुठ्ठ्याचे तुकडे खाकी कागदावर सरकवून ठरवायचो. तास-दीड तास जायचा. नवनाथ मागं उभा राहून बघायचा. मला वाटायचं पोरगं शिकतंय. ते शिकतच होतं, पण माझ्याकडून नाही. शिफ्ट सुटल्यावर चिंचवड स्टेशनला एका क्लासमध्ये जाऊन त्यानं जावा ही प्रोग्रामची भाषा शिकून घेतली आणि दोन हजार सातच्या सुमारास एक प्रोग्राम लिहून माझ्यापुढं ठेवला. भागांचे आकार द्यायचे. तो ते पत्र्यावर असे मांडून दाखवणार की वाया जाणारं कात्रण कमीत कमी उरावं. नावही त्यानं 'कात्रण' असंच ठेवलं होतं.

मी ते बघून एक ऐतिहासिक वाक्य बोललो. "नवनाथ, पत्र्याचं काम पत्र्यावर कर."

त्यानं वाद घातला नाही. घरी गेला आणि आतल्या कोडसकट सगळा प्रोग्राम इंटरनेटवर टाकला. ज्याला हवा त्यानं फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. पुढच्याच वर्षी आमच्या मॅनेजरनं आम्हाला हॉलमध्ये बसवून एका नव्या 'परदेशी' सॉफ्टवेअरचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग दिलं. ते कात्रण होतं. नवनाथ शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता आणि वहीत उतरवूनही घेत होता. चहाच्या वेळी मी विचारलं, "अरे, सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "कामून सांगायचं? ते बरं शिकवायलेत."

त्यानंतरची वर्षं सगळी कात्रणात गेली. लग्न झालं, मुलं झाली, चाकणला सुपरवायझर झाला, पण रविवार कात्रणचा. भोसरीतली चाळीसेक वर्कशॉपं त्यावर पत्रा कापू लागली. कंपनीत त्याला कुणी 'साहेब' म्हटलं नाही, पण भोसरीत एखाद्या वर्कशॉपात शिरला तर मालक उठून खुर्ची द्यायचा. त्याची एवढीच काय ती इस्टेट.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि ही इस्टेट धोक्यात आली.

झालं असं की वर्कशॉपांनी नवे कॉम्प्युटर घेतले. त्यावरचं जावा नवं आणि कात्रण जुनं. उघडलं की एक पांढरी खिडकी यायची आणि तशीच राहायची. चाळीस वर्कशॉपांच्या वतीनं उद्धवरावांनी नवनाथला बोलावलं. उद्धवराव म्हणजे भोसरी गावातले जुने, फॅब्रिकेशनचं मोठं शेड, आवाज शेडपेक्षा मोठा. मीही गेलो. मला बोलावलं नव्हतं, पण मला कळलं होतं.

"नवनाथभाऊ, तुमच्या कात्रणवर आमी पंधरा-सोळा वर्सं काढली, फुकट काढली, मान्य हाय," उद्धवराव म्हणाले. "पर चालना तर फुकटचं घिऊन काय करू?"

"करतो ना नवं," नवनाथ म्हणाला.

"कवा? तीन म्हैनं झालं, करतोच म्हंताय. हे बगा, खंडेनवमीला मशिनीला हार घालायचा. त्या दिवशी कात्रण चालत आसंल तर पुढंबी त्येच. नसंल तर समद्यांनी मिळून विकतचं घ्यायचं ठरलंय. मागनं रुसू नका."

नवनाथनं मान हलवली. बाहेर आल्यावर स्कूटरची किल्ली दोनदा चुकीच्या खिशात शोधली.

त्याला तीन महिने का लागत होते, ते मला हळूहळू कळलं. लिहिलेल्या कोडचे तुकडे आणि बाहेरून आणलेले तयार भाग, हे सगळं जोडून चालता प्रोग्राम बाहेर काढायचा, याला बिल्ड म्हणतात. आपल्या भाषेत असेंब्ली लाइन. नवनाथची लाइन 'अँट' नावाच्या जुन्या अवजारावर उभी होती, तीही एका खास ठिकाणी, त्याच्या घरातल्या दोन हजार अकराच्या कॉम्प्युटरवर, डी ड्राइव्हमध्ये. कोड जगाला खुला होता, पण जोडून दाखवायचा तर नवनाथच्या घरी जावं लागे. परदेशातल्या कुणीकुणी प्रयत्न केला. सगळ्यांचं गाडं 'डी ड्राइव्ह सापडत नाही' इथं अडलं. आणि नव्या जावासाठी लाइन हलवायची म्हटलं तर नवनाथ हात लावायला धजायचा नाही, कारण पंधरा-सोळा वर्षांत त्यानं तिच्याखाली इतकी पॅकिंगं मारली होती, की कुठली काढल्यावर काय कोसळेल हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

अशा वेळी दिव्या आली. दिव्या पिंपळे सौदागरला राहते, हिंजवडीत नोकरी करते, वय चौतिसाच्या आसपास. तिच्या वडिलांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळं कात्रण तिला लहानपणीच्या शेजाऱ्यासारखं. दोन वर्षं ती इंटरनेटवरून कात्रणमधल्या बारीकसारीक चुका दुरुस्त करून पाठवत होती आणि नवनाथ अमेरिकेत असतो असं समजत होती. तो आठ-दहा किलोमीटरवर राहतो हे कळल्यावर तिनं फोन केला. लाइन 'ग्रेडल' नावाच्या नव्या अवजारावर हलवूया म्हणाली. तिथं कुठला भाग हवा आणि त्याचा कितवा नंबर, एवढंच लिहायचं. तो भाग अवजार स्वतः नेटवरून आणतं. मग कुणाच्याही कॉम्प्युटरवर कात्रण बनेल.

भेटायची जागा मी माझं घर सुचवली. कारण उघड आहे. दुसरीकडं भेटले असते तर मला आतलं कळलं नसतं.

पहिल्या रविवारी नवनाथ प्राधिकरणात माझ्या घरी आला तो कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायांशी ठेवून. माझ्या बायकोला, सुमनला, वाटलं मिक्सर दुरुस्तीला आणलाय.

"दादा, कोड नेटवर आहे ना, मग हे कशाला?" दिव्यानं विचारलं.

"नेटवर हाय ते. पण बनतं याच्यावरच."

"तेच तर मोडायचंय आपल्याला."

'मोडायचंय' हा शब्द त्याच्या चेहऱ्यावर कसा उमटला ते मी पाहिलं. मी लगेच पोहे आणायला सांगितले. माझ्याकडं दुसरा उपाय नसतो.

अँटची ती फाईल एकोणीसशे ओळींची निघाली. ओळींच्या मध्ये नवनाथनं स्वतःसाठी शेरे लिहिले होते. 'हे हलवू नये.' 'हे का आहे आठवत नाही, पण असू द्या.' 'वरचं काढलं तर खालचं रुसतं.' दिव्या एकेक वाचून नव्या फाईलमध्ये उतरवत होती आणि मी मध्ये मध्ये 'बरोबर' म्हणत होतो. एका ओळीपाशी ती थांबली. तिथं नुसतंच 'साहेब' असं लिहिलं होतं.

"हे 'साहेब' काय आहे?"

नवनाथनं वरखालच्या ओळी वाचून बघितल्या. "न्हाई आठवत. असंल काहीतरी."

मला मात्र भरून आलं. एवढ्या रुक्ष फाईलमध्ये पोरानं माझी आठवण जपली. सुमनला आतून बोलावून दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "नाव तर घातलेलं नाही, दुसरे कुणी साहेब असतील."

दिव्यानं ती ओळ नीट पाहिली. भूमितीचा हिशेब करणारा एक बाहेरचा तयार भाग, ज्याला लायब्ररी म्हणतात, तो नवनाथच्या डी ड्राइव्हमधून उचलला जात होता. "हीच लायब्ररी नेटवर आहे. नाव तेच, नंबर तोच. तिथूनच घेते," ती म्हणाली. कुणाची हरकत नव्हती. माझी तर मुळीच नव्हती.

तिसऱ्या रविवारी एकोणीसशे ओळींच्या जागी नव्वद उरल्या आणि कात्रण दिव्याच्या लॅपटॉपवर बनलं. बटण मला दाबायला दिलं. नव्या कॉम्प्युटरवर उघडूनही दाखवलं. पांढरी खिडकी गेली, पत्रा दिसू लागला. मी टाळ्या वाजवल्या. नवनाथ म्हणाला, "चांगलं झालं," आणि अर्धे पोहे बशीत ठेवून डबा चादरीत बांधू लागला. खंडेनवमीला पाच दिवस होते.

सोमवारी उद्धवरावांच्या शेडमध्ये चाचणी. नव्या कात्रणनं मांडणी केली, मशीननं प्लेट कापली, उद्धवरावांनी पाइप जोडायचा गोल फ्लँज उचलून मोजला आणि टेबलावर टाकला.

"अर्धा मिलिमीटर ल्हान हाय. हे बसायचं न्हाई."

दुसरा कापला. तोही तसाच. उद्धवराव फोन काढून म्हणाले, "मी ग्रुपवर टाकतो, विकतचं बगायला सुरवात करा म्हणून. नंतर धावपळ नको."

"उद्धवराव, दोन दिवस द्या," दिव्या म्हणाली.

"बुदवारपत्तुर. त्याच्या फुडं न्हाई."

तेव्हा नवनाथ बोलला. "माझ्या मशीनवर बनवलं असतं तर हे झालं नसतं." आणि त्याच्या चेहऱ्यावर, तुम्हाला खोटं वाटेल, समाधान होतं. स्वतःचं घर जळताना 'बघा, मी म्हटलं होतं ना वायरिंग माझ्याशिवाय कुणाला कळत नाही' म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहिला. बरं, त्याच्या त्या कॉम्प्युटरवर नवं जावा चालत नव्हतं. म्हणजे जुन्या वाटेनं परत जायची सोय नव्हती आणि नव्या वाटेवर अर्धा मिलिमीटर आडवा पडला होता.

तिथंच बाकावर बसून दिव्यानं एकच भाग जुन्या आणि नव्या कात्रणमधून काढला आणि दोन्ही आकार एकमेकांवर ठेवले. जुना प्रत्येक बाजूनं पाव मिलिमीटर मोठा होता. मग तिनं दोन्ही लायब्रऱ्या शेजारी उघडल्या. नाव तेच, नंबर तोच, पण आतला एक आकडा वेगळा.

"दादा, ही लायब्ररी तुम्ही उघडून बदलली होती?"

नवनाथनं स्क्रीनवरचा तो आकडा वाचला. मग एकदम त्याची मान माझ्याकडं वळली.

"साहेबांनी सांगितलं होतं. दोन हजार नऊ. म्हणाले, माल अर्धा मिलिमीटर लहान यायलाय. म्हणून मी आतून पाव-पाव वाढवला."

'साहेब'चा उलगडा झाला. माझी आठवण नव्हती, माझी तक्रार होती.

"हो, येत होता लहान," मी म्हणालो. "मी स्वतः मोजला होता."

"पण काका, मूळ लायब्ररीचं गणित बरोबर आहे. मी तपासलं. मग तेव्हा लहान कसा आला?"

"चहा घेणार का कुणी?" मी म्हणालो.

आता तुम्हाला सांगतो, तिथं ते मला का सांगता आलं नाही. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात माझ्या हातून माझा व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून माप घ्यायची पट्टी, काँक्रीटवर पडला होता. मोजायच्या प्रत्येक उपकरणाला प्रयोगशाळेतून तपासून आणल्याचं हिरवं स्टिकर लागतं, त्यावर तारीख असते. माझ्या व्हर्नियरची तारीख उलटून गेलेली आणि दुसऱ्या दिवशी ऑडिट. मी ड्रॉवरमध्ये नुसत्या पडून असलेल्या दुसऱ्या व्हर्नियरचं स्टिकर अलगद सोडवलं आणि माझ्या व्हर्नियरला लावलं. ऑडिटरनं स्टिकर पाहिलं, मान डोलवली. पुढं तीन महिने मी त्याच व्हर्नियरनं कंपनीचा माल मोजला. मोजण्याआधी जबडे मिटवून शून्य बघावं, हे मी वीस वर्षं शिकाऊ मुलांना ओरडून सांगत आलो होतो. मी शिकाऊ नव्हतो, म्हणून बघितलं नाही. दिवाळीच्या तोंडावर प्रयोगशाळेनं तो उचलून नेला आणि कळवलं की हा अर्धा मिलिमीटर कमी दाखवतो, फेकून द्या.

नवनाथला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणारच होतो. मग दिवाळी आली.

सोमवार दुपार आणि अख्खा मंगळवार मी घरात येरझाऱ्या घातल्या. सांगितलं तर साहेबकी जाते. नाही सांगितलं तर दिव्याला तो आकडा बरोबर की चूक हे ठरवता येणार नाही, बुधवार उलटेल आणि नवनाथचं कात्रण जाईल. इतका साधा हिशेब होता, तरी मला दीड दिवस लागला. मनात मी दोष लावून बघितले नाहीत असा माणूस उरला नाही. ऑडिटर, प्रयोगशाळा, स्टिकरचा गोंद. शेवटी सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्या सेक्टरची लफडी तोंडपाठ सांगता. स्वतःचं एक सांगायला काय होतं?"

बुधवारी सकाळी उद्धवरावांच्या शेडमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, मी सगळं सांगितलं. स्टिकर कसं सोडवलं हे जरा रंगवूनही सांगितलं, ती सवय जात नाही. कुणी हसलं नाही.

पहिल्यांदा उद्धवराव बोलले. "म्हंजी सोळा वर्सं आख्खी भोसरी ह्यांच्या पडलेल्या व्हर्नियरवर चालली."

"पण मग तुमचा माल इतकी वर्षं बरोबर कसा येत होता?" दिव्यानं विचारलं. "जुनं कात्रण अर्धा जास्त देत होतं ना."

उद्धवरावांनी हाक मारली. मशीनवरचा म्हातारा सेटर चिमाजी हात पुसत आला.

"चिमाजी, मशिनीवर तू काय घातलंयस?"

"कुठं काय."

"चिमाजी."

"अर्धा कमी केलाय," चिमाजी जमिनीकडं बघत म्हणाला. "कात्रण अर्धा जास्ती देतं. समद्या भोसरीला म्हाईत हाय."

"मला न्हाई म्हाईत."

"तुमाला कशाला म्हाईत पायजे? तुमी मालक."

म्हणजे माझ्या व्हर्नियरनं अर्धा कमी सांगितला, नवनाथनं अर्धा वाढवला आणि चाळीस वर्कशॉपांतल्या चाळीस चिमाजींनी, कुणी मशीनवर, कुणी ग्राइंडर मारून, तो अर्धा पुन्हा काढला. प्रत्येकानं आपापल्या खिशात ठेवला. आता नव्या कात्रणनं खरा आकार दिला तर सगळ्यांचाच माल लहान.

मी नवनाथकडं बघायचं टाळत होतो.

"सोळा वर्षं," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर दुसऱ्याची लायब्ररी फोडली मी. माझ्या नावावर चूक हिंडायली, पार परदेशात."

"अरे, तू एकदा परत मोजायचं होतंस," मी म्हणालो. आयुष्यातल्या चुकीच्या वाक्यांत याचाही नंबर लागेल.

"साहेबांनी मोजलेलं मी परत मोजायचं?" तो शांतपणे म्हणाला.

त्यानं तेव्हा परत मोजलं असतं तर मीच त्याला प्रेसशॉपमधून हाकललं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दिव्यानं विषय कामावर आणला. मूळ लायब्ररी आहे तशीच ठेवायची. तो अर्धा मिलिमीटर बाहेर, स्क्रीनवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. जुन्या वर्कशॉपांना तो आपोआप लागू राहील, म्हणजे त्यांचा माल बिघडणार नाही. ज्याला मशीन नीट करून घ्यायची असेल त्यानं शून्य करावा. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्यापासूनच शून्य.

"याला नाव काय देऊ दादा?"

"अर्जुनराव द्या," नवनाथ म्हणाला.

अर्जुनराव म्हणजे मी.

"खरंच?" दिव्यानं माझ्याकडं बघितलं.

"द्या. लोकांना कळू द्या पॅकिंग कुणाचं हाय."

माझी इच्छा होती की प्राधिकरणातल्या एखाद्या बागेला माझं नाव लागावं. नगरसेवकांना तसं मी दोनदा सुचवलंही होतं. त्याऐवजी आज जिथं जिथं जुनं गिऱ्हाईक कात्रण उघडतं तिथं उजव्या कोपऱ्यात 'अर्जुनराव : ०.५' असं दिसतं, आणि शेजारी प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं की माझी सगळी हकिगत तीन ओळींत येते. मजकूर नवनाथचा आहे. स्टिकरसकट.

खंडेनवमी आली तेव्हा नवनाथची पहिली शिफ्ट होती. त्याच्या कंपनीत फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. रजा घे म्हटलं तर म्हणाला, "सुटलो की येतो, मग आपण काढू." 'आपण काढू' म्हणजे नवं कात्रण जगासाठी खुलं करू. दिव्यालाही तो तेच म्हणाला होता, पण उद्धवरावांचा मुहूर्त सकाळचा. दहा-सव्वादहाला तिनं पिंपळे सौदागरहून बटण दाबलं, कुठल्या तरी दूरच्या कॉम्प्युटरवर ते आपोआप बनलं, तपासलं गेलं आणि अकराच्या आत उद्धवरावांच्या शेडमध्ये उतरलं. मशीनला झेंडूचा हार, त्यात हळदकुंकू लावलेला पाना, आणि हार सांभाळत चिमाजीनं फ्लँज कापला. तिघांनी तीन व्हर्नियरनं मोजला. मी पुढं झालो तर उद्धवराव म्हणाले, "तुमी पेढं वाटा."

फ्लँज बरोबर होता. उद्धवरावांनी ग्रुपवर टाकलं, 'चालू हाय. विकतचं रद्द.'

पावणेचारला नवनाथचा फोन आला.

"झालं म्हणायलेत?"

"झालं."

"माझ्याशिवाय?"

"तुझ्याशिवायच. तेच तर हवं होतं ना?"

मग म्हणाला, "मी कुठं हाय, कुणी विचारलं न्हाई?"

"विचारलं ना. उद्धवरावांनी दोनदा विचारलं."

"खोटं बोलताय."

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आला, तेव्हा आपट्याचं पान सुमनच्या हातात दिलं, माझ्या हातात दिलं, बसला, आणि कात्रणबद्दल एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मला हे फार जड गेलं.

दिवाळीनंतर मात्र तो चिडून आला. कात्रणमध्ये त्याला गोल भागांची मांडणी थोडी बदलायची होती. बदल त्यानं लिहिला, पाठवला. आता नवी शिस्त अशी की कुणाचाही बदल दुसऱ्या कुणीतरी वाचून मंजूर केल्याशिवाय आत जात नाही. दिव्यानं तो परत पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'दादा, कारण लिहा.'

"माझ्याच घरात शिरायला मला चिठ्ठी मागायलेत," नवनाथ म्हणाला.

"तू काय कारण लिहिलं होतंस?"

"'गरज आहे.'"

मी म्हटलं, आण इकडं, एकतीस वर्षं मी हेच केलंय. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरुवात करून त्याला दहा ओळी सांगितल्या. त्यानं निमूटपणे टाइप केल्या. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'काका शेजारी बसलेत का?'

मग मला त्यानं खुर्ची जरा लांब घ्यायला लावली आणि स्वतः लिहायला बसला. चाळीस मिनिटं लागली. मी खांद्यावरून वाचलं, ते त्याला चाललं. कुठल्या वर्कशॉपात काय अडत होतं ते होतं, आकडे होते, आणि शेवटी लिहिलं होतं, 'माप चिमाजींनी घेतलं. मी परत घेतलं. दोन्ही जुळतात.'

थोड्या वेळानं स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. दिव्यानं मंजूर केलं होतं. तो त्या खुणेकडं बघत बसला, इतका वेळ की सुमननं ठेवलेल्या चहावर साय धरली.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"थांबा जरा. ब्राझीलहून कुणीतरी विचारायलंय. अर्जुनराव शून्य केला तर चालंल का म्हणतोय."

"मग सांग की, चालेल म्हणून."

"नुसतं चालंल म्हणून कसं?" नवनाथ म्हणाला. "कारण लिहावं लागंल." आणि चष्मा वर सारून पुन्हा टाइप करू लागला.